अपक्ष उमेदवारी आणि दहा सूचक : माझा अनुभव

2024 च्या लोकसभेला मुंबई उपनगरातल्या एका मतदारसंघातून मी अपक्ष उभी राहिले. मी घरी शिकवण्या घेते. आमची वस्ती रेल्वेच्या जमिनीवर आहे. घरं पाडायची नोटीस आली की जायचं कुणाकडे? महापालिकेची मुदत 2022 मध्येच संपलेली, त्यामुळे तेव्हा नगरसेवक नव्हते, आणि बाकी सगळीकडे एकच उत्तर, ‘हा केंद्राचा विषय आहे.’ केंद्राचा असेल तर लोकसभेतच मांडू, असं वस्तीच्या बैठकीत ठरलं.

अनामत रकमेचं सगळ्यांनाच दडपण होतं. खुल्या प्रवर्गाला 25 हजार, अनुसूचित जाती-जमातींना साडेबारा. पण वर्गणीतून पैसे उभे राहिले. खरी दमछाक झाली ती सूचकांपायी, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदारांपायी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत.

दहा म्हणजे किती, असं वाटेल. पण मुंबईत माणूस राहतो एकीकडे आणि त्याचं नाव असतं दुसरीकडे. पुनर्विकासात चाळ गेली, माणसं ट्रान्झिट कॅम्पात गेली, नाव मात्र जुन्या पत्त्यावरच. काहींचा मतदारसंघ रूळ ओलांडला की बदलतो. भाड्याने राहणाऱ्यांची नावं तर गावच्या यादीत. शिवाय सही करायला हो म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी दार उघडत नाही, कारण संध्याकाळी कुणीतरी येऊन त्याला समजावून गेलेलं असतं. मतदार यादी पुढ्यात घेऊन भाग क्रमांक, अनुक्रमांक ताडून पाहिल्याशिवाय मी एकही नाव लिहिलं नाही.

गल्लीतल्या एक आजी सूचक व्हायला आपणहून तयार झाल्या. त्यांना सही येत नाही, आणि अंगठा अधिकाऱ्यांसमोरच उठवावा लागतो. अर्ज सकाळी 11 ते दुपारी 3 याच वेळात घेतात आणि उमेदवारासोबत आत चौघांनाच सोडतात. त्या चौघांत मी आजींना घेतलं. अंगठा उठवून त्यांनी शाई पदराला पुसली आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, “नीट उमटला का बघा, नाहीतर परत देते.” मग मी संविधानावरच्या निष्ठेची शपथ घेतली, तेव्हा त्या हात जोडून उभ्या होत्या.

नमुना 26 चं शपथपत्र, म्हणजे मालमत्ता, गुन्हे, शिक्षण वगैरेची माहिती द्यायचा कागद, मात्र नीट समजून भरा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालापासून त्यात रकाना कोरा सोडून चालत नाही. काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचंच. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातंही अर्जाच्या आधीच उघडावं लागतं.

4 मेच्या छाननीत अर्ज वैध ठरला, चिन्ह शिलाई मशीन मिळालं. मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष. त्यामुळे प्रचारात आम्ही नाव कमी आणि ‘खाली बघा, शिलाई मशीन शोधा’ हेच जास्त सांगितलं.

‘तुम्ही मतं खाता’ हे दारोदार ऐकलं. वायव्य मुंबईचा निकाल 48 मतांनी लागल्यावर तर जास्तच. मला ते पटत नाही. मत मतदाराचं असतं, ते कुणाच्या ताटातलं नसतं. याच निवडणुकीत सांगलीत विशाल पाटील लिफाफा चिन्हावर अपक्ष निवडून आले, हेही लोक सांगायचे. पण ते वसंतदादांचे नातू, त्यांच्यामागे जिल्हाभर माणसं होती.

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत, त्यामुळे अनामत जप्त झाली. खर्चाचा हिशेब निकालापासून 30 दिवसांत द्यावाच लागतो, नाहीतर तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतात. तो देऊन पोच घेतली. मग नमुना 20 मधले, म्हणजे निकालाच्या तक्त्यातले, मतदान केंद्रवार आकडे काढले. वस्तीतल्या केंद्रांवर आम्हाला चांगली मतं होती. ते आकडे निवेदनाला जोडून आम्ही नव्या खासदारांच्या कार्यालयात दिले आणि पुनर्वसनासाठी पात्र कुटुंबांची यादी लेखी मागितली आहे.