आमची वाटचाल : पाठीमागे काय आहे ते आधी बघा

आम्ही डीलरांसाठी गाड्यांचे फोटो काढतो. आमचे पहिले फोटो बघून पहिला डीलर म्हणाला, "जागा छान आहे." तीन शब्द. गाडीबद्दल अवाक्षर नाही. मी आणि माझा भागीदार, आम्ही दोघंही ते कौतुक समजून हसतहसत घरी आलो. पुढचं काम आलं नाही तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

त्या फोटोत काय होतं? तलावाकाठचा रस्ता, सकाळचे ढग, पाण्यात आभाळ, आणि २४ मिमी लेन्सने काढलेली एक बिचारी हॅचबॅक. नाक फुगलेलं, मागचा भाग आक्रसलेला, आणि मागचा डोंगर, ज्याच्यासाठी आम्ही तिथवर गेलो होतो, तो टेकाडाएवढा. वाइड लेन्स गाडीचाही घात करते आणि जागेचाही. मागे सरा, ८५ मिमीची लेन्स लावा, जमलं तर २०० ची लावा. गाडी फ्रेममध्ये तेवढीच राहते आणि डोंगर तिच्या खांद्याशी येऊन उभा राहतो. हे आज शेंबडं पोरही सांगेल. आम्हाला कळायला दीड वर्ष लागलं.

उंचीचंही तेच. उभं राहून फोटो काढला की क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं आणि सेडानचं छत त्याच्या खाली राहतं, म्हणजे अख्खी गाडी जमिनीच्या रंगात बुडते. हेडलाइटच्या उंचीवर बसा, मग छत आभाळात निघतं. माझ्या सगळ्या पँटी गुडघ्यात फाटलेल्या असतात त्या यामुळे.

भागीदाराबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. उजेडाची नजर त्याची. आम्ही दोघांनी मिळून एक ट्यूब बनवली होती. अॅल्युमिनियमच्या पट्टीत एलईडी स्ट्रिप, वरून दुधी अॅक्रिलिक, मुठीला काळी टेप, चार फूट लांब. अंधार पडला की कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ ८ (म्हणजे कॅमेरा उजेड हळूहळू घेईल), शटर २० सेकंद उघडं. मी शटर दाबायचो आणि तो काळे कपडे घालून ट्यूब धरून गाडीच्या कडेने चालायचा. एकदा छतावरून, एकदा खांद्याच्या रेषेवरून (खिडक्यांखालची कड), एकदा चाकांसमोरून. मग सगळ्या फ्रेम एकावर एक चढवायच्या. हेडलाइटची फ्रेम वेगळी आणि अगदी कमी सेकंदांची, नाहीतर समोर नुसता पांढरा भडका. चालताना तो मध्येच थांबला तर दारावर पांढरा डाग उठायचा. तो कधीच थांबला नाही. एवढं त्याला द्यायलाच हवं.

पुढची सहा-सात वर्षं बरी गेली.

मग एक दिवस तो म्हणाला, "लोकेशनला जायचंच कशाला? गाडी शेडमध्ये काढू, मागे काय हवं ते चिकटवू." मी नाही म्हटलं. त्याने सामान उचललं आणि आमच्याच डीलरांना घेऊन स्वतःचं दुकान थाटलं. अकरा डीलर होते, वर्षाअखेर दोन उरले. त्यातला एक पैसे थकवणारा. दोन पोरं कामाला होती, त्यांना सांगताना माझाच आवाज फुटेना. लेन्स विकायला काढली. ७०-२०० ची झूम लेन्स विकली. ती विकल्याचं दुःख अजून गेलेलं नाही.

राग माणसं गेल्याचा नाही, राग कामाचा आहे. त्याचा एक फोटो मी अजून फोनमध्ये जपून ठेवलाय. लाल गाडी, मागे बर्फाचे डोंगर, आणि दारात लख्ख दिसतेय पत्र्याची शेड. खालच्या सिलवर, म्हणजे दाराखालच्या पट्टीवर, तर उघडं शटर आणि त्यात उभा असलेला माणूस. उजेड डावीकडून, सावली पण डावीकडेच. डीलरला दाखवलं. तो म्हणाला, "एवढं कोण बघतं?"

कोण बघतं म्हणजे? गाडी हा आरसा आहे. फोटोत दोन पार्श्वभूमी असतात, एक गाडीच्या मागे आणि दुसरी फोटो काढणाऱ्याच्या मागे. पहिली सगळे शोधतात. दुसरी दारावर उमटते. मी रेकीला, म्हणजे जागा आधी बघून यायला, जातो तेव्हा आधी गाडी जिथे लागणार तिथे उभा राहतो आणि उलट दिशेला बघतो. तिकडे मोकळं आभाळ आणि सपाट जमीन असेल तर दाराची रेषा स्वच्छ येते. खांब, जाळी, पांढरी भिंत असेल तर मागचा देखावा कितीही भारी असो, मी परत फिरतो.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा लेन्सवरचा फिरता फिल्टर, घ्या, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. काचेला काटकोनात असणाऱ्या रेषेपासून साधारण ५५ अंश तिरकं बघाल तेव्हाच तो चकाकी नीट मारतो, सरळ समोरून बघाल तर शून्य. शिवाय विंडशील्ड साफ करायला फिरवला की दारावरची चकाकी उसळते. म्हणून ट्रायपॉड हलवायचा नाही, दोन फ्रेम काढायच्या, काचेची एक आणि दाराची एक. कुणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो.

त्या वाईट वर्षात आम्हाला तगवलं ते एका काकांनी. त्यांच्याकडे जुनी काळी सेडान, स्वतः पुसतात, दुसऱ्या कुणाला फडकं लावू देत नाहीत. दर वर्षी एक फोटो काढून घेतात, फक्त एक. काळ्या गाडीला अंधाऱ्या झाडीसमोर लावली की ती नाहीशी होते, म्हणून त्यांच्यासाठी मी सूर्य बुडाल्यावरची वीसेक मिनिटं धरतो, जेव्हा आभाळ आणि हेडलाइट एकाच तोलाचे होतात. एका वर्षी ढग आले, काही जमलं नाही. मी म्हटलं, काका, पैसे नकोत. ते म्हणाले, "गाडी इथेच आहे, मीही इथेच आहे. उद्या ये." सलग चार संध्याकाळी गेलो. चौथ्या दिवशी तो फोटो मिळाला. तो बघून त्यांच्या ओळखीचे जुन्या गाड्यांचे मालक आले, आणि आज आमचं बरंचसं काम त्यांचंच आहे.

खोटं कशाला बोलू, आता मागचा देखावा आम्हीही चिकटवतो. पण आधी त्या जागी जाऊन दोन्ही बाजूंचे फोटो घेतो, आणि दारात त्याच जागेचं आभाळ उतरवतो. वेळ दुप्पट लागतो.

मागच्या महिन्यात भागीदाराचा फोन आला. त्याच्याकडे काळी गाडी आली होती, शेडमध्ये काही केल्या जमत नव्हती. पाठव म्हटलं. काम करून दिलं, बिल पूर्ण लावलं, त्याने मुकाट्याने भरलं. ट्यूबचं मात्र त्याने काही काढलं नाही. ती अजून त्याच्याकडेच आहे.