ओली डिस्क वाळवू नका : आमची वाटचाल

२००५ च्या महापुराच्या आदल्या वर्षी आम्ही दोघा भावांनी सांगलीत कॉम्प्युटर असेंबल करून विकायचं दुकान टाकलं. डेटा रिकव्हरी, म्हणजे बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा परत मिळवणं, तेव्हा डोक्यातही नव्हती. ती लोडशेडिंगने दारात आणली. लाईट जायची, परत येताना झटका द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी डिस्क घेऊन उभं राहायचं. पुष्कळदा डिस्कखालच्या हिरव्या बोर्डावरचा संरक्षक डायोड शॉर्ट झालेला असे. झटका तो स्वतःवर घेतो, बाकीचं वाचतं. तेवढा काढला की डिस्क फिरायची. आता तिला राखण उरलेली नाही, म्हणून सगळा डेटा लगेच उतरवून घ्यायचा. हे काम आम्हाला मनापासून आवडायला लागलं.

पण एक डिस्क माझ्या हातून गेली. एका शिक्षिकाबाईंची होती, टिकटिक आवाज करत होती. मी रात्रभर तिच्यावर स्कॅन चालवत बसलो. आतल्या तबकडीवरून डेटा वाचणारं हेड खराब झालेलं असताना डिस्क फिरवत ठेवली की ते तबकडीवर घासतं आणि जिथे घासतं तिथला डेटा कायमचा जातो. हे मला सकाळी कळलं. त्यांच्या मुलाचे लहानपणचे फोटो होते. "मॅडम, हे माझ्यामुळे झालं," असं मी त्यांना सांगितलं. त्या काही न बोलता उठून गेल्या. अजूनही त्या रस्त्यात दिसल्या की मला ते फोटो आठवतात.

तेव्हापासून मूळ डिस्कवर कामच करायचं नाही, हा दुकानाचा नियम झाला. आधी तिची हुबेहूब नक्कल करायची. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे, ते चांगला भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागा टिपून ठेवतं. त्या जागांकडे सगळ्यात शेवटी वळायचं. शोधाशोध काय ती नकलेवर. टिकटिकणारी डिस्क आम्ही उघडत नाही. त्याला धूळमुक्त जागा लागते, ती आमच्याकडे नाही, म्हणून पुण्या-मुंबईच्या लॅबचा रस्ता दाखवतो. डेटा मिळाला नाही तर पैसे घेत नाही.

प्रत्येक कामाला तेवढीच मोठी रिकामी डिस्क लागते. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि इथे डिस्कच्या किमती भडकल्या. ते वर्ष कसंबसं काढलं.

मग ऑगस्ट २०१९. कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर लोक डिस्क घेऊन येऊ लागले. कुणी उन्हात वाळवलेली, कुणी हेअर ड्रायर मारलेला, कुणी चालू करून बघितलेली. गाळ वाळला की तबकडीला चिकटून बसतो, आणि ओल्या बोर्डाला वीज दिली की तो जळतो. ओली डिस्क ओलीच, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणावी, हे मी दारावर लिहून लावलं.

गणपती पेठेतल्या एका किराणा पेढीचे मुनीमकाका पंच्यात गुंडाळून डिस्क घेऊन आले.
"काका, चालू करून बघितली का?"
"कशी बघणार रे? आठ दिवस लाईटच नाही."
त्यामुळेच ती वाचली. कॅबिनेट टेबलावर होतं, पाणी बोर्डापर्यंत येऊन थांबलेलं. झाकणावरच्या हवेच्या छिद्रापाशी गाळाचा डाग नव्हता. बोर्ड सोडवला तर खाली करडा, मऊ चिखल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो धुतला, बोर्डावरच्या काळवंडलेल्या धातूच्या टिकल्यांवर खोडरबर फिरवला आणि बोर्ड पूर्ण सुकू दिला. मग नक्कल लावली. दुसऱ्या रात्री टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा फोल्डर दिसला, नाव नुसता आकडा, १००००. काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून उधारीची खाती एकेक करून बघितली आणि म्हणाले, "हा माणूस पुरात सगळं घालवून बसलाय. याच्याकडे आता मागायचं नाही, पण आकडा असू दे."

हल्ली एसएसडी येतात, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्क. त्यांत डिलीट केलेली फाईल ट्रिममुळे, म्हणजे रिकामी झालेली जागा आपोआप पुसायला लावणाऱ्या सोयीमुळे, बहुतेक वेळा थोड्या वेळातच कायमची जाते. तेव्हा "लगेच आणलंय" म्हणणाऱ्यालाही नाही सांगावं लागतं, आणि ते मला अजून जड जातं.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढू लागलं. रात्री मुनीमकाकांचा फोन आला.
"डिस्क काढून माळ्यावर ठेवलीय. एक कॉपी मिरजेला बहिणीकडे आहे. तुझ्या दुकानातल्या लोकांच्या डिस्का वर नेल्यास का?"
आम्ही दोघे भाऊ तेच करत होतो.