इंजिन सोडून वाघिणीच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ट्रेन सिम्युलेटरसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायच्या खेळासाठी, मी मालगाडीच्या डब्यांची मॉडेलं बनवतो. ‘ट्रेन सिम्युलेटरसाठी सगळे इंजिनं करतात, तुम्ही जुन्या अमेरिकन मालडब्यांत काय डोकं घालून बसता?’ हे मला घरातले विचारतात, मित्र विचारतात, सिम्युलेटर चालवणारेही विचारतात. (‘वॅगन’ची आपण ‘वाघीण’ करून टाकली, हे मला फार आवडतं. इथेही वाघीणच म्हणतो.)

इंजिन बहुतेक आपल्या कंपनीच्या रुळांवरच राहायचं. वाघीण भटकी. एका कंपनीची बॉक्सकार (चारी बाजूंनी बंद, छपराची वाघीण) माल घेऊन दुसरीच्या, तिसरीच्या मार्गावर जायची आणि परतताना आणखी कुठे अडकायची. गव्हाचा हंगाम आला की दारांना आतून फळ्या ठोकून त्याच बॉक्सकारमध्ये धान्य भरायचे. म्हणून 1942 सालची मालगाडी उभी करायची, तर इंजिनामागे एकसारख्या साठ वाघिणी लावून चालत नाही. दहा-पंधरा कंपन्यांच्या, निरनिराळ्या वयाच्या हव्यात. इंजिनावर जीव टाकायला माणसं आहेत; मागच्या साठांचं कोण बघणार?

आणि वाघिणीचं वय अंगावर दिसतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं रेल्वे ताब्यात घेतली आणि 1918 मध्ये ठरावीक नमुन्याच्या वाघिणी बांधायला घेतल्या. त्यांतल्या एका बॉक्सकारचा पोलादी सांगाडा बाहेर आणि लाकडी फळ्या आत, सदरा उलटा घातल्यासारखा! पुढे पोलादी पत्र्याच्या आल्या. पोटाखालीही फरक आहे. हवेवर चालणाऱ्या जुन्या ‘के’ ब्रेकमध्ये बहुतेक वेळा सिलिंडर आणि हवेची टाकी एकाला एक जोडलेली असते. 1933 पासूनच्या ‘एबी’ ब्रेकमध्ये सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व्ह असे तीन वेगळे तुकडे लटकतात. खाली वाकून कोण बघतं? कॅमेरा रुळाच्या पातळीवर नेणारे बघतात. मी त्यातलाच.

आराखडा मिळाला तर उत्तम. नाही तर बाजूनं काढलेला फोटो घेतो आणि चाक मोजतो. त्या काळच्या बहुतेक बॉक्सकारचं चाक 33 इंच व्यासाचं, त्यावरून दाराची रुंदी, शिडीच्या पायऱ्या, सगळं हिशेबानं निघतं. रंगासाठी जॅक डेलानो यांचे फोटो. सरकारी कामासाठी त्यांनी डिसेंबर 1942 मध्ये शिकागोच्या प्रोव्हायसो यार्डात रंगीत फोटो काढले. ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि घरबसल्या बघता येतात. ते बघितल्यापासून एकच तांबडा सगळ्या वाघिणींना फासणं मी बंद केलं.

रिव्हेट मात्र घडवत नाही, टेक्स्चरवर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्रावर, रंगवतो: वर एक उजळ ठिपका, खाली सावलीची रेघ. कॉम्प्युटरमधलं मॉडेल छोट्या त्रिकोणांचं बनतं; एका वाघिणीत दहा हजार त्रिकोण घातले तर साठ वाघिणींचे सहा लाख होतात आणि कॉम्प्युटर धापा टाकतो. दूर गेलेली वाघीण तर माझ्याकडे नुसतं रंगवलेलं खोकं होते.

सगळ्यात जास्त वेळ खातात ती अक्षरं. बाजूवर ‘एलटी डब्ल्यूटी’ म्हणजे रिकाम्या वाघिणीचं वजन लिहिलेलं असतं. दुरुस्तीनंतर किंवा ठरावीक काळानं वाघीण पुन्हा काट्यावर चढली की नवं वजन, ठिकाणाची खूण आणि महिना-साल स्टेन्सिलनं मारत. माझ्या एका बॉक्सकारवर बांधणीची तारीख 5-37 होती, अगदी बरोबर. पण वजनाची तारीख मी फोटोत होती तशीच उतरवली: 4-51. ती वाघीण 1942 च्या गाडीत कित्येक महिने फिरली. शेवटी एकानं कळवलं, ‘ही नऊ वर्षं पुढून आलीय का?’ फोटो 1951 नंतरचा होता, आणि मी दाराच्या कड्या मोजण्यात इतका गुंतलो होतो की आकडे वाचलेच नाहीत.

आता प्रत्येक वाघिणीची तीन टेक्स्चरं करतो: 1938, 1942 आणि 1951. मॉडेल तेच, तारखा वेगळ्या, काजळी थोडी कमी-जास्त. त्या बॉक्सकारचं जुनं टेक्स्चर टाकून दिलं नाही. 1951 च्या गाडीत ती तशीच जोडली आहे, एका अक्षरालाही हात न लावता.