खूण जुळली होती

खानापूर, रविवार, रात्री साडेदहा

गाडी चालू झाली. संध्याकाळी सहाच्या सुमारास. दोनदा साबण लावून झाला तरी बोटांना पेट्रोलचा वास आहेच.

बाबांची १९९६ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. गेल्या महिन्यात गोव्याहून परतताना चोर्ला घाटात तापली. घरी आल्यावर डिपस्टिक ओढली तर ऑईल दुधाच्या चहासारखं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, गेली होती. हेड मीच उतरवलं, पोत्यात गुंडाळून बेळगावला उद्यमबागेत नेलं, फेसिंग करून, म्हणजे खालची बाजू सपाट घासून आणलं. नवी गॅस्केट, नवा टायमिंग बेल्ट. गुरुवारी रात्री शेवटचा बोल्ट आवळला आणि किल्ली मारली. सेल्फ छान फिरतोय, इंजिन फिरतंय, पण उचलतच नाही. मधेच कार्बोरेटरमधून फाट्कन आवाज यायचा आणि धूर.

शुक्रवार-शनिवार शाळा सुटली की थेट गाडीपाशी. बॅटरी चार्ज करून आणली. ब्लॉकची अर्थ वायर सोडून, घासून परत लावली. प्लग काढून ब्लॉकला टेकवला आणि पुतण्याला सेल्फ मारायला सांगितलं, तर ठिणगी निळी, टचटचीत. वायरींचा क्रम १-३-२, तोही बरोबर. प्लगची टोकं पेट्रोलनं ओली, म्हणजे पेट्रोलही पोचतंय. श्रावणाची झड लागलेली, म्हणून ठिणगी ज्या-त्या प्लगला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात दमट धरलं असेल असं वाटलं. टोपण चुलीजवळ ठेवून सुकवलं. काही फरक नाही. बाबा सोप्यावर बसून ऐकत असायचे. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला दिसतं कमी, पण गाडीचा आवाज बरोबर कळतो. दर तासाला विचारायचे, "झाली काय रे?" त्यांना 'नाही' म्हणणं जड जात होतं.

शनिवारी रात्री झोप लागली नाही. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, मग राहिलं काय? बेल्ट एखादा दात सरकला असेल म्हणून पहाटे टॉर्च घेऊन कव्हर उघडलं. खुणा जुळलेल्या. पिस्टननं फिरणाऱ्या क्रँकची खूण वर, डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरीकडे. हे मी स्वतः बघून बसवलं होतं, म्हणून त्याच्याकडे परत बघायचं मनातच आलं नाही.

आज दुपारी अण्णा आले. बाबांच्या वेळेपासून गाडीला हात लावणारे तेच. घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. फाट्कन आवाज एकदाच ऐकला आणि म्हणाले, "मास्तर, ठिणगी येतीया, खरं नको त्या वेळेला येतीया." मी म्हटलं, अण्णा, खूण जुळवूनच बसवलंय. "जुळली असंल की. खरं पिस्टन वर दोनदा येतोय, मास्तर. कुठल्या टायमाला जुळवली?"

तिथंच डोक्यात लख्ख पडलं. चार स्ट्रोकमध्ये क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा एक होतो. एक नंबरचा पिस्टन एकदा दाब भरून वर येतो आणि एकदा जळका धूर बाहेर ढकलत. क्रँकची खूण दोन्ही वेळेला तशीच दिसते. मी दुसऱ्या वेळेला डिस्ट्रिब्युटर बसवला होता. इनलेट व्हॉल्व्ह उघडायला लागतो नेमक्या त्याच क्षणी ठिणगी, म्हणून आग उलटी कार्बोरेटरकडे.

एक नंबरचा, पुलीकडचा प्लग काढून अण्णांनी माझा अंगठा त्या भोकावर दाबून धरायला लावला. स्वतः पान्यानं क्रँक हळूहळू फिरवू लागले. पहिल्या फेऱ्याला अंगठ्याखाली काहीच नाही, नुसतं तेलकट गार. दुसऱ्या फेऱ्याला आतून हवा चढत आली. मी जोर लावला तरी अंगठा उचललाच, फुस्स करून. "आता," म्हणाले, "आता खूण बघा." चार सिलिंडरची गाडी असती तर समोरासमोरच्या वायरींची अदलाबदल करूनही भागलं असतं. तीनमध्ये समोर वायरच नसते, टोपणावर त्या एकतृतीयांश फेऱ्यावर असतात. म्हणून डिस्ट्रिब्युटर उपसून रोटर परत एक नंबरकडे करून बसवला. ओले प्लग पुसून वाळवले.

दुसऱ्या सेल्फला उचलली. आधी खोकली, मग तिन्ही सिलिंडर एका तालात लागले. बाबा काठी टेकत अंगणात आले आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग म्हणाले, "मलप्रभेच्या पुलापर्यंत जाऊन येऊया की."

अण्णा मागे बसले, बाबा पुढे. नदी भरून वाहतेय. तापमानाचा काटा अर्ध्यावर आला आणि तिथंच थांबला.

उद्या सकाळी इंजिन गार असताना टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची फट तपासायची आहे, पाणी बघायचं आहे, आणि अण्णांचा राहिलेला पाना पोचवायचा आहे.