पंखातलं पाणी

ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांच्या, शर्यतींवरचा माझा लेख पहिल्यांदा पाठवला तेव्हा तो 3200 शब्दांचा होता आणि त्यातला एकही शब्द काढण्याजोगा नाही अशी माझी खात्री होती. सुरुवात थेट जर्मनीतल्या वासरकुप्पे डोंगरावर 1937 साली झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेपासून. मग ग्लायडरचे वर्ग, मग गुण मोजायचं सूत्र, त्या दिवसाच्या विजेत्याला 1000 गुण कधी मिळतात आणि कधी कमी. पहिला ग्लायडर जमिनीवरून उठायचा तो पाचव्या पानावर.

मी स्वतः स्पर्धक नाही, हे आधीच सांगून टाकतो. ग्लायडिंग शिकलो हडपसरला, कॉलेजात असताना. विंचच्या, म्हणजे जमिनीवर तार गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, तारेने वर खेचलं जायचं, तार सोडायची, आणि मागच्या सीटवरून सर ओरडायचे, "घार बघ घार! पंख न हलवता चढतेय ना? तिच्याकडे चल." पुढे नोकरीसाठी इंग्लंडला आलो आणि इथल्या क्लबातल्या एका मित्राच्या शर्यतींना 'क्रू' म्हणून जायला लागलो. क्रूने सकाळी पंख जोडायचे, पाणी भरायचं, आणि गडी वाटेत थर्मल (जमिनीवरून वर चढणारी उष्ण हवा) न मिळून कुठल्या शेतात उतरला की मोटारीला लांबलचक ट्रेलर जोडून त्याला आणायला जायचं. शेतकरी बहुतेक चांगले भेटतात. एकाने चहा दिला होता, एकाने कुत्रा सोडला होता.

तर हे मराठीत लिहावं असं वाटलं. पहिला प्रयत्न एका दैनिकाच्या रविवार पुरवणीकडे. दोन महिने उत्तर नाही. मग फोन केला, तर पलीकडून विचारलं, "आपलं कोणी जिंकलंय का?" मी म्हटलं, मी ट्रेलर ओढतो. फोन तिथेच थंडावला. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. पुरवणीला 'आपलं' कोणीतरी लागतंच.

दुसऱ्यांदा लेख एका दिवाळी अंकाकडे गेला, जूनमध्ये. संपादक बाईंचा आठ दिवसांत फोन आला. आवाज वयस्कर, घाई अजिबात नाही.

"लेख वाचला हो. माहिती खूप आहे. पण मला एक सांगा, शर्यत दिसते कुठे?"

मला प्रश्नच कळला नाही.

"धावण्याची शर्यत डोळ्यांना दिसते. पुढे कोण, मागे कोण. इथे सगळे ढगाखाली गोल गोल फिरतायत. आणि दुसरं, बाराव्या पानावर तुम्ही म्हणता पंखात पाणी भरतात. ज्याला हवेत तरंगायचंय त्याने पाणी कशाला भरायचं? हे तुम्ही एका ओळीत उरकलंय. मला रात्री झोप नाही आली."

त्यांनी 1800 शब्द दिले आणि वासरकुप्पे काढायला सांगितलं. मी दोन दिवस रुसून बसलो.

मग पुन्हा लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की बाईंना झोप न येण्याचं कारण हाच लेख होता. ग्लायडरला इंजिन नाही, त्यामुळे तो हवेतून कायम खालीच घसरत असतो. शर्यतीतला चांगला ग्लायडर स्थिर हवेत एक किलोमीटर उंची खर्चून चाळीसच्या वर किलोमीटर जातो. गंमत अशी की वजन वाढलं तरी हा हिशेब जवळपास तोच राहतो, फक्त तेवढंच अंतर जास्त वेगाने कापलं जातं. कात्रजच्या उतारावर डबलसीट सायकल एकट्याच्या सायकलपेक्षा जास्त पळते, तसं. म्हणून दीड-दोनशे लिटर पाणी पंखातल्या टाक्यांत भरायचं. स्टँडर्ड वर्गात ग्लायडर, वैमानिक आणि पाणी मिळून सव्वापाचशे किलोपर्यंत जाता येतं. पण जड ग्लायडर थर्मलमध्ये हळू चढतो. ऊन चांगलं तापलेलं असेल आणि थर्मल जोमात असतील तर पाणी फायद्याचं. ऊन गेलं की तेच पाणी गळ्यातला धोंडा. सोडायचं असेल तर कॉकपिटमध्ये दांडी आहे, ओढली की काही मिनिटांत टाक्या रिकाम्या. परत भरायची सोय मात्र वर नाही.

नव्या लेखाची सुरुवात मी यावरूनच केली. दुपारी अडीच वाजता वरचे ढग पसरले, खाली सगळीकडे सावली, मित्र दोन हजार फुटांवर. त्याने दांडी ओढली. वीस मिनिटांनी लख्ख ऊन पडलं आणि ज्यांनी दम धरला होता ते भरल्या पंखांनी त्याच्या अंगावरून निघून गेले. शेतात उतरला नाही, घरी आला. पण त्या दिवशी तो जेवताना एक शब्द बोलला नाही.

'शर्यत दिसते कुठे' याचं उत्तर द्यायला आणखी दोन आठवडे गेले. शेवटी शर्यत सुटते कशी त्याची गोष्ट सांगितली. विमानं एकेका ग्लायडरला ओढून वर सोडतात. सगळे वर पोहोचले की थोड्या वेळाने सुरुवातीची रेषा उघडते. आणि कोणीच निघत नाही! कारण ज्याचं घड्याळ त्याचं: तुम्ही रेषा ओलांडाल तेव्हापासून तुमचा वेळ. आधी निघणाऱ्याला थर्मल स्वतः शोधावे लागतात. मागून येणाऱ्याला पुढे फिरणारे ग्लायडरच घारीसारखी वाट दाखवतात. म्हणून चाळीस माणसं एकमेकांकडे बघत ढगाखाली घिरट्या घालतात. पंगतीत पहिला घास कोणी घ्यायचा, तसं. पण फार थांबलं तर संध्याकाळी थर्मल मरतात आणि शेवटचे पन्नास किलोमीटर ट्रेलरमधून करावे लागतात. बाईंनी या परिच्छेदावर पेन्सिलीने नुसतं "हं!" लिहून स्कॅन पाठवला.

पॉल मॅक्रेडी मी हट्टाने ठेवला. 1956 साली फ्रान्समधल्या सेंत-याँला हा माणूस जगज्जेता झाला, आणि दोन थर्मलच्या मधलं अंतर किती वेगाने कापायचं हे पुढचा थर्मल किती जोमाचा मिळेल त्यावरून ठरवायचं, हा त्याचा हिशेब आजही प्रत्येक स्पर्धक वापरतो. पुढचा जोरदार मिळणार असेल तर उंची उधळा, नाहीतर जपून. बाई म्हणाल्या, "राहू दे, पण चार ओळी." पाच झाल्या.

'थर्मल'वर मात्र वाद झाला. त्यांना मराठी शब्द हवा होता. मी 'उष्ण हवेचा स्तंभ' लिहून बघितलं. लेखात तो सव्वीस वेळा येत होता आणि स्तंभांची नुसती रांग लागली होती. शेवटी एकदा अर्थ सांगून पुढे थर्मलच ठेवला.

छपाईची बाजू वेगळीच निघाली. मी युनिकोडमध्ये टाइप केलेलं, त्यांच्याकडे मजकूर श्रीलिपी या छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलला गेला आणि पहिल्या प्रुफात सगळीकडे 'थमर्ल' झालं. मॅक्रेडीचा चंद्र उडून 'मक्रेडी'. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले होते, ते छापायला निकामी. क्लबातल्या ज्याने ते काढले त्याची ईमेलवर परवानगी घेतली, मूळ फाइली मागवल्या, खाली त्याचं नाव येईल असं कबूल केलं. त्यातला एक माझा लाडका: धावपट्टीवरून अगदी खालून, जोरात जाणारा ग्लायडर आणि पंखांमागे पाण्याच्या पांढऱ्या शेपट्या.

दुसरं प्रूफ रात्री साडेअकराला आलं, सकाळी दहापर्यंत सांगा म्हणून. थमर्ल सुधारलेलं. मॅक्रेडीचा चंद्र परत. मी खुशीत शेवटचं पान उघडलं. त्या फोटोखाली ओळ होती: 'उतरण्यापूर्वी जादा इंधन सोडताना ग्लायडर'.

कोणीतरी रात्री बसून, चांगल्या मनाने, मोकळी जागा भरली होती. माझे 1800 शब्द इंजिन नाही, इंधन नाही म्हणून सांगत होते. मी ताबडतोब मेल केला, सकाळी भारतात फोन केला. बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "तो फॉर्म छपाईला गेला नसेल तर बघते." गेला नव्हता.

अंक वसुबारसेला पुण्याच्या घरी पोहोचला, माझ्याकडे नोव्हेंबर संपताना. मानधनही आलं. त्यात इथे एकदा विमानाने ओढून वर नेण्याचं भाडं सुटलं नसतं, पण चेक मी बरेच दिवस वटवला नाही. शीर्षक त्यांनी बदललं होतं. माझ्यापेक्षा बरं होतं.

डिसेंबरात बाईंनी एक पोस्टकार्ड पुढे पाठवलं, फलटणकडच्या एका निवृत्त शिक्षकांचं. लेख आवडला वगैरे दोन ओळी. खाली विचारलं होतं, "ते दोनशे लिटर पाणी कोणाच्या शेतावर पडतं? आमच्याकडे पाठवता येईल का?"

मी कळवलं की उंचावर सोडलेल्या पाण्याचा वाऱ्यातच तुषार होतो आणि जमिनीपर्यंत फारसं काही येत नाही. त्यांचं पुन्हा कार्ड आलं. "म्हणजे आमच्या कालव्यासारखंच."