मुरलेले खेळाडू कधी विकायचे? न झालेले ट्रेड अखेर तक्त्यात आले

मंडळी, बेसबॉलमधल्या ट्रेडच्या, म्हणजे टीमांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, तक्त्याचं अडलेलं गाडं निघालं. अजून बरंच काम बाकी आहे, पण मागच्या नोंदीत जिथे घोडं पेंड खात होतं ते सुटलंय. सुटलं ते क्लिफ ली या पिचरमुळे (चेंडू टाकणाऱ्यामुळे), आणि तेही त्याच्या अशा एका ट्रेडमुळे जो कधी झालाच नाही.

मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते आठवत असेल. रिबिल्डमधल्या, म्हणजे जुने खेळाडू देऊन तरुणांची टीम नव्याने बांधणाऱ्या, टीमला अनुभवी खेळाडू विकायला वर्षात दोन खिडक्या मिळतात: जुलैअखेरच्या सुमाराची ट्रेडची डेडलाइन आणि मोसम संपल्यावरचा हिवाळा. कोणत्या खिडकीत विकलं तर जास्त पदरात पडतं, हे बघायला मी झालेले सगळे ट्रेड एकाखाली एक मांडले होते. दिलेल्या खेळाडूचा किती कंट्रोल (टीमचा त्याच्यावर हक्क असण्याचा काळ) उरला होता, मोबदल्यात कोण आलं, आणि आलेल्या पोरांनी पुढच्या सहा वर्षांत किती वॉर (राखीव दर्जाच्या खेळाडूपेक्षा मिळवून दिलेले जास्तीचे विजय) दिलं. उत्तर असं येत होतं की थांबण्यात फारसा तोटा नाही, जुलैत विका नाहीतर आधीच्या हिवाळ्यात, फरक किरकोळ. हे मला पटतच नव्हतं. दर वर्षी डोळ्यांदेखत कोणाचा तरी खांदा जातो, कोणाची बॅट थंड पडते, आणि तक्ता म्हणतो थांबा खुशाल.

वय बदलून बघितलं, पिचर आणि बॅटर वेगळे केले, पगार वजा केला. ढिम्म. मग 2014 च्या फिलाडेल्फिया फिलीज टीमची ट्रान्झॅक्शन यादी वाचत बसलो होतो, तेव्हा लक्षात आलं की जो माणूस मला तिथे दिसायला हवा तोच नाही.

लीचं प्रकरण बारकाईने सांगतो, कारण सगळी मेख त्यातच आहे. 2011 मध्ये 102 सामने जिंकलेली फिलीज टीम 2014 पर्यंत तळाला गेली होती. ली 35 वर्षांचा, पगार अडीच कोटी डॉलर, आणि त्या मोसमात कोपराच्या दुखण्याने बरेच दिवस बाहेर. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो परतला. 31 जुलैला दुपारी चार वाजता डेडलाइन संपली, ली फिलीजकडेच राहिला. त्याच संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये तो पिचिंगला उतरला, तिसऱ्या इनिंगमध्ये कोपर पुन्हा गेलं, आणि त्यानंतर तो मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. त्याचा भाव तेव्हा पडलेलाच होता हे मान्य. पण काही तासांत तो थेट शून्यावर आला.

आता हा माणूस माझ्या जुन्या तक्त्यात चार वेळा आहे. 2002 मध्ये बार्तोलो कोलोनच्या बदल्यात क्लीव्हलँडला गेलेला पोरगा म्हणून, 2009 च्या जुलैत फिलीजकडे, त्याच डिसेंबरात मरिनर्सकडे, 2010 च्या जुलैत रेंजर्सकडे. मला हवी होती ती पाचवी नोंद नाही, कारण ट्रेड झाला नाही तर ओळ नाही. माझ्या जुलैच्या यादीतला प्रत्येक खेळाडू जुलैपर्यंत विकण्याजोगा टिकलेला होता. जे वाटेत मोडले ते यादीत आलेच नाहीत. मग थांबण्यात तोटा दिसणार कसा?

त्यामुळे ओळच बदलली. आता एक ओळ म्हणजे एक खेळाडू आणि एक खिडकी, ट्रेड होवो न होवो. किमान तीन वर्षांचा सर्व्हिस टाइम (मेजर लीगमधला काळ) असलेला प्रत्येक खेळाडू रिबिल्डमधल्या टीममध्ये असेपर्यंत दर डेडलाइनला आणि दर हिवाळ्याला एक ओळ खातो, आणि शेवटी त्याचं काय झालं ते लिहिलं जातं: विकला, करार संपून फ्री एजंट (मोकळा) झाला, नवा करार केला, किंवा सोडून दिला. न विकलेल्या खिडकीत भाव काय आला असता हे कोणालाच दिसत नाही, म्हणून तिथे उरलेल्या कंट्रोलमधलं अपेक्षित वॉर घेऊन त्याच्या बाजारभावातून पगार वजा केलाय. ढोबळ आहे, पण सगळ्यांना एकच माप लागतं.

असं मांडल्यावर ओरिओल्सचा बॅटर मॅनी मचाडो याच्या तीन ओळी एकाखाली एक आल्या आणि मला खरंच आनंद झाला. 2017 चा जुलै: दीड मोसमाचा कंट्रोल. 2017 चा हिवाळा: एक मोसम. 2018 चा जुलै: उरलेले अडीच महिने. ओरिओल्सनी तिसऱ्या खिडकीत विकला, डॉजर्सकडून पाच जण घेतले, त्यातला डीन क्रेमर 101 सामने जिंकणाऱ्या 2023 च्या रोटेशनमध्ये (सामना सुरू करणाऱ्या पिचरांमध्ये) होता. त्याच्या शेजारी पिचर ख्रिस सेलची ओळ ठेवा. व्हाइट सॉक्सनी तो डिसेंबर 2016 मध्ये तीन वर्षांचा कंट्रोल शिल्लक असताना दिला आणि योआन मोंकाडा, मायकल कोपेक, शिवाय आणखी दोघे आणले. 2018 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीचा, शेवटचा आउट आठवा: सेल पिचिंग करतोय, मचाडो स्ट्राइकआउट. लवकर विकलेला आणि उशिरा विकलेला, दोघे साठ फुटांवर समोरासमोर!

इथून जे दिसतंय ते माझं ठाम मत झालंय. घेणाऱ्याला दोन ऑक्टोबर, म्हणजे दोन मोसमांचे प्लेऑफ (बाद फेऱ्या), मिळतात तोपर्यंतच खेळाडू पूर्ण भावाने जातो. म्हणजे दीड वर्षाचा कंट्रोल असलेली जुलैची खिडकी हा शेवटचा चांगला मुक्काम. त्यापुढे भाव उतरणीला लागतो, आणि शेवटच्या जुलैत तर कोसळतो. कोलोन याच दीड वर्षाच्या खिडकीत गेला आणि एक्स्पोजनी त्याच्यासाठी ली, ब्रँडन फिलिप्स, ग्रेडी साइझमोर ही तीन होतकरू पोरं दिली. उलट जे. डी. मार्टिनेझ 2017 मध्ये कराराच्या शेवटच्या महिन्यांत विकला गेला. ॲरिझोनासाठी त्याने 62 सामन्यांत 29 होमरन मारले, पण टायगर्सच्या हाती फारसं काही लागलं नाही. शेवटच्या जुलैचा भाव आणखी एका नियमाने खाल्लाय: मोसमाच्या मध्यात ट्रेड झालेल्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या ठरावीक रकमेच्या कराराची) देता येत नाही, म्हणजे तो पुढे निघून गेला तर घेणाऱ्याला ड्राफ्ट पिकही (नवा खेळाडू निवडायची जादा पाळी) मिळत नाही.

पिचर आणि बॅटर यांचं वेगळेपणही आता दिसायला लागलंय, जे जुन्या तक्त्यात पुसलं जात होतं. पिचरच्या न विकलेल्या ओळींमध्ये एकदम शून्यावर गेलेले बरेच आहेत, बॅटर सहसा हळूहळू उतरतात. पण बॅटरनाही सूट नाही. लुईस रॉबर्टने 2023 मध्ये 38 होमरन मारले, करार स्वस्त आणि लांबचा, व्हाइट सॉक्सनी ठेवला. 2024 मध्ये कंबरेच्या स्नायूची दुखापत, 100 सामने, सरासरी .224. त्याच टीमने गॅरेट क्रोशेला मात्र 2024 च्या जुलैत न देता डिसेंबरात दिला आणि रेड सॉक्सकडून काइल टील, ब्रेडन मॉन्टगोमेरी, चेस मिड्रॉथ, विकेलमन गोन्झालेझ असे चौघे घेतले. थांबून नुकसान झालं नाही असं हे उदाहरण, आणि ते तक्त्यात राहायलाच हवं. फक्त तो टिकला म्हणून थांबणं शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. ज्याने तोवर मुख्यतः बुलपेनमधून, म्हणजे सामन्याच्या मध्यात उतरून, पिचिंग केलं होतं अशा पिचरला सामने सुरू करण्याच्या पहिल्याच पूर्ण मोसमात आणखी एक खिडकी पुढे ढकलणं म्हणजे मोठी जोखीम.

अवजारांबद्दल. ऑनलाइन शीट या आकाराला झेपत नाही, प्रत्येक लुकअपला माना टाकते. सगळं डकडीबी या डेटाबेसमध्ये हलवलं आणि जीव भांड्यात पडला. साध्या लॅपटॉपवर हजारो ओळींची जोडणी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होते. बेसबॉलच्या जुन्या नोंदी जमवणाऱ्या रेट्रोशीटच्या ट्रान्झॅक्शन फाइलबद्दल कितीही कृतज्ञ राहिलं तरी कमीच, एवढं काम लोकांनी फुकट उपलब्ध करून ठेवलंय. टीमच्या कोडचा गोंधळ ज्यांना छळतो त्यांच्यासाठी: रेट्रोशीटला व्हाइट सॉक्स सीएचए आहेत आणि बेसबॉल रेफरन्सला सीएचडब्ल्यू, पण लाहमन डेटाबेसच्या टीम्स टेबलमध्ये दोन्ही कोड शेजारी शेजारी आहेत. जोडणी तिथूनच करा, स्वतःची यादी बनवत बसू नका. लाहमनचे पगार 2016 ला थांबतात, त्यापुढचे हाताने भरतोय. एका विक्रेत्याकडून पगारांची फाइल विकतही घेतली. ट्रेडनंतर कोणत्या टीमने किती वाटा उचलला हेच त्यात नाही, आणि विचारलं तर उत्तर नाही. पैसे पाण्यात.

तो वाटा का हवा ते सांगतो. 2023 मध्ये मेट्सनी शेर्झर आणि वर्लँडर या वयस्कर पिचरांच्या पगाराचा मोठा भाग स्वतः भरला आणि लुईसआंजेल अकुन्या, ड्रू गिल्बर्ट, रायन क्लिफर्ड मिळवले. म्हणजे पैसा ओतून प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरं) विकत घेतले. हे वेगळ्या रकान्यात घेतलं नाही तर वयस्कर खेळाडूंचा भाव फुगलेला दिसेल.

आता नवी डोकेदुखी, ट्रेडच्या पुढच्या फांद्या. पिचर ग्रेंकी डिसेंबर 2010 मध्ये रॉयल्सकडून ब्रुअर्सकडे गेला. आले लोरेन्झो केन, आल्सिडेस एस्कोबार, जेक ओडोरिझी, जेरेमी जेफ्रेस. पैकी ओडोरिझी दोन वर्षांनी विल मायर्सबरोबर टॅम्पाला गेला आणि जेम्स शील्ड्स, वेड डेव्हिस आले. 2015 च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा आउट डेव्हिसने घेतला. त्यातलं किती श्रेय ग्रेंकीच्या ओळीत टाकायचं? मी ठरवलं होतं की आलेला पोरगा पुढे ट्रेड झाला की मोजणी बंद. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की ते अन्यायाचं आहे. कोल हॅमेल्सची ओळ बघा. रिगली मैदानावर नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकून सहाच दिवसांनी, 31 जुलै 2015 ला फिलीजनी त्याला रेंजर्सकडे दिलं. आलेल्यांपैकी कोणी मोठा तारा झाला नाही, पण होर्हे अल्फारो 2019 मध्ये रिअलम्युटोच्या ट्रेडमध्ये गेला, आणि रिअलम्युटो 2022 ची वर्ल्ड सिरीज खेळला. बंद मोजणीत यातलं काहीच दिसत नाही. तेव्हा बेत बदलला: फांदी तुटली की त्या दिवशीचं पोराचं अंदाजे मूल्य ओळीत जमा करायचं आणि तिथे थांबायचं. रिअलम्युटोचं वॉर हॅमेल्सच्या खात्यात नको, पण अल्फारोचा त्या दिवशीचा भाव हवा.

रिबिल्डची व्याख्याही बदलतोय. सलग दोन मोसम 75 पेक्षा कमी विजय हा नियम फिलीजना बरोबर पकडतो, पण 2016 चे व्हाइट सॉक्स 78 जिंकलेले, म्हणजे सेलची ओळच गळते. 2016 मध्ये 86 जिंकलेले टायगर्सही गळतात, आणि त्यांच्याबरोबर वर्लँडर. विजयांऐवजी त्या दिवशीची प्लेऑफची शक्यता घेणार आहे. हिवाळ्याच्या ओळींसाठी पुढच्या मोसमाचा अंदाज लागेल.

एक स्पष्ट करतो, कारण विचारणार हे माहीत आहे. व्हाइट सॉक्सनी सेल, ईटन, किन्ताना तिघेही योग्य वेळी विकले. जिओलिटो, सीस, मोंकाडा, एलॉय हिमेनेझ आले. तरी 2020 आणि 2021 चे दोनच प्लेऑफ, आणि 2024 मध्ये 121 पराभव. तक्ता विकण्याची वेळ मोजतो. पुढे पोरांना घडवणं, आजूबाजूला टीम उभी करणं हे त्यात नाही, आणि मी ते घुसवणारही नाही.

पुढचं काम रिलीव्हरांचं, म्हणजे सामन्याच्या मध्यात उतरणाऱ्या पिचरांचं. लॅरी अँडरसनच्या 22 इनिंगसाठी रेड सॉक्सनी 1990 मध्ये जेफ बॅगवेल दिला, आणि 2016 मध्ये चॅपमनसाठी शिकागो कब्जनी ग्लेबर टोरेस. माझा कयास असा की रिलीव्हरला दोन ऑक्टोबरचा नियम लागतच नाही, कारण जुलैत गरजू टीम त्याच्यासाठी वेड्यासारखी मोजते. 2022 पासून प्लेऑफमध्ये 12 टीम येतात, त्यामुळे घेणारे वाढले आणि विकणारे कमी झाले. तेव्हा 2022 आधीच्या आणि नंतरच्या ओळी वेगळ्या करूनच हे तपासणार. पुढच्या डेडलाइनच्या रात्री, आपल्याकडच्या पहाटे साडेतीनच्या आत, निदान रिलीव्हरांचा भाग उभा राहावा अशी इच्छा आहे.

एक मदत हवी. दहा-आणि-पाच हक्क (मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्याच टीमकडे सलग पाच वर्षं झालेल्याला ट्रेड नाकारता येतो) वापरून ज्यांनी ट्रेड नाकारला त्यांच्या ओळी वेगळ्या ठेवायच्या आहेत, कारण तिथे टीमने थांबायचं ठरवलेलं नसतं. वर्लँडरने 2017 मध्ये 31 ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या तोंडावर होकार दिला म्हणून ते जमलं, नाहीतर तीही न झालेल्या ट्रेडची ओळ ठरली असती. कोणाकडे अशा नकारांची तारखांसकट यादी असेल तर द्या, वर्ष आणि टीम एवढं असलं तरी पुरे.