मॉरिशसच्या खोल पाण्यात: ब्लॅक रिव्हरहून मार्लिनच्या मागावर केलेल्या दोन सफरी

ब्लॅक रिव्हरच्या खाडीतून निघालेली आमची यॉट प्रवाळाच्या कड्यातील वाटेतून बाहेर पडली, तेव्हा सकाळचे सात वाजत आले होते आणि कप्तानासमोरच्या पडद्यावर समुद्राची खोली ४० मीटर दिसत होती. अर्ध्या तासाने तोच आकडा ५०० च्या पुढे गेला. मागे वळून पाहिले तर ल मोर्नचा ५५६ मीटर उंचीचा कातळ इतका जवळ होता की त्याच्या पायथ्याशी असलेली सुरूच्या झाडांची रांग स्पष्ट दिसत होती. मोठ्या माशांच्या शिकारीसाठी जगभरातून लोक मॉरिशसच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला का येतात, याचे उत्तर त्या अर्ध्या तासात मिळते.

हे बेट ज्वालामुखीतून उभे राहिलेले आहे. प्रवाळाने वेढलेले उथळ, शांत पाणी संपले की तळ एकदम खाली कोसळतो आणि प्रवाह या पाण्याखालच्या भिंतीवर आदळून वर चढतात. त्या प्रवाहांबरोबर लहान मासे जमतात, लहान माशांमागे बोनिटो आणि कुपा (ट्यूना) येतात आणि त्यांच्यामागे भाल्यासारख्या चोचीचा मार्लिन येतो. आपल्या कोकण किनाऱ्यासमोर असे खोल पाणी गाठण्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर आत जावे लागते. मुंबईसमोर तर हे अंतर त्याहूनही बरेच मोठे आहे. मी रत्नागिरीच्या जेटीवर गळ टाकत वाढलो आहे, त्यामुळे किनारा डोळ्यांसमोर असताना अर्धा किलोमीटर खोल पाण्यावर तरंगण्याचा तो अनुभव मला फार मोलाचा वाटला.

थोरल्या मेहुण्यांना साठावे वर्ष लागले, त्या निमित्ताने गेल्या डिसेंबरात मी, ते आणि त्यांचा मुलगा असे तिघे गेलो होतो. महिना निवडताना बराच विचार केला. निळ्या मार्लिनचा मुख्य हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो, पिवळ्या पंखांचा कुपा मार्च ते मे या काळात अधिक मिळतो, तर आपल्या सुरमईच्याच कुळातला वाहू सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत चांगला लागतो. डिसेंबरात वाहूचा शेवट आणि मार्लिनची सुरुवात अशा दोन्ही गोष्टी साधतात. मात्र हाच चक्रीवादळांचाही काळ आहे. मॉरिशसमध्ये वादळाचा इशारा पहिल्या वर्गापासून चौथ्या वर्गापर्यंत चढत जातो आणि तो लागू झाला की सफरी बंद होतात. त्यामुळे सफर मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत ठेवावी, म्हणजे हवामानाने अडवले तरी पुढे ढकलायला दिवस हाताशी राहतात. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात आणि घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते, त्यामुळे पहाटे लवकर उठणे आपल्याला तिथे सोपे जाते.

यॉट ५२ फुटांची होती. वातानुकूलित दोन खोल्या, न्हाणीघर, छोटे स्वयंपाकघर, वर फ्लायब्रिज म्हणजे छतावरची उघडी बैठक आणि मागच्या मोकळ्या भागात मधोमध जमिनीला घट्ट रोवलेली फायटिंग चेअर, म्हणजे मोठ्या माशाशी झुंजताना बसायची खुर्ची, अशी तिची रचना होती. पूर्ण यॉट खासगी घेतली तर भाडे माणशी नसते, नौकेचे असते. त्यामुळे तिघांऐवजी पाच जण गेलो असतो तर प्रत्येकाचा भार बराच हलका झाला असता. भाडे ठरवताना इंधन, जेवण, पेये, काठ्या व आमिषे आणि १५ टक्के व्हॅट या गोष्टी त्यात धरल्या आहेत का, हे एकेक करून विचारावे. खलाशांची बक्षिसी सहसा वेगळी असते. पर्यटकांना समुद्रात नेणाऱ्या नौकेला तिथल्या टुरिझम ऑथॉरिटीचा परवाना लागतो. तो पाहायला मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही, कारण चांगला मालक तो आपणहून दाखवतो.

एक गोष्ट मात्र आम्ही विचारली नाही आणि तिची किंमत पहिल्या दिवशी मोजली. मॉरिशसमध्ये पूर्वापार प्रथा अशी आहे की सफरीत पकडलेला मासा नौकेच्या मालकीचा असतो. पाहुण्यांना त्यातला वाटा मिळतो, पण मासा मारायचा की सोडायचा हे अनेक नौकांवर कप्तान ठरवतो. ज्या मध्यस्थामार्फत आम्ही नोंदणी केली होती त्याने ‘मासा सोडायचा असेल तर तुमची मर्जी’ असे फोनवर सांगितले होते, आणि आम्ही तेवढ्यावर विसंबलो. सकाळी दोन वाहू आणि एक डोराडो मिळाला होता व सगळे आनंदात होते. दुपारी एकच्या सुमारास साधारण ८० किलोंचा मार्लिन लागला. भाच्याने पाऊण तास झुंज देऊन त्याला नौकेजवळ आणले आणि आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच मासा आत ओढायचा मोठा हूक त्याच्या खांद्यात गेला. मासा आत आला तेव्हा त्याच्या अंगावरचे निळे पट्टे विजेसारखे चमकत होते, आणि दहा मिनिटांत ते सगळे विझून तो शिशासारखा राखाडी झाला. भाचा त्याच्याजवळ बसून राहिला. परतीच्या वाटेवर तो कोणाशीही बोलला नाही.

कप्तानाची यात चूक होती असे मी म्हणणार नाही, कारण त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. पण ही गोष्ट लहान नाही. निळा मार्लिन आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत असुरक्षित वर्गात आहे आणि हिंदी महासागरात त्याची अतिमासेमारी होत असल्याचे इंडियन ओशन ट्यूना कमिशनच्या मूल्यमापनातही नोंदले गेले आहे. वाहू, डोराडो, बोनिटो खाण्यासाठी जरूर ठेवावेत. त्या संध्याकाळी खानावळीत आलेला डोराडो लिंबू आणि लसणीवर परतलेला होता आणि अतिशय चविष्ट होता. मार्लिनसारख्या मोठ्या शिकारी माशात पारा साठलेला असतो, म्हणून गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी तो खाऊ नये, हेही लक्षात ठेवावे. त्याच रात्री आम्ही यॉटच्या मालकांना भेटलो आणि दुसऱ्या दिवसाच्या पावतीवर एक ओळ लिहून घेतली: मार्लिन आणि सेलफिश जिवंत असतील तर सोडले जातील, मासा ओढायचा हूक वापरला जाणार नाही. त्यांनी माशाच्या मोबदल्यात थोडी अधिक रक्कम मागितली आणि आम्ही ती आनंदाने दिली. जाणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की हे बोलणे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी करावे आणि ते लिहून घ्यावे.

समुद्र लागण्याविषयीही सांगणे आवश्यक आहे. पश्चिम किनारा आग्नेयेकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांच्या आडोशाला असतो, पण ल मोर्न ओलांडले की लांब, उंच लाटा सुरू होतात. मळमळीची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. डॉक्टरांना विचारून ती आदल्या रात्री आणि पुन्हा निघण्यापूर्वी घ्यावी. मेहुण्यांनी पहिल्या दिवशी ती टाळली आणि वातानुकूलित खोलीत जाऊन आडवे झाले, हे दोन्ही चुकले. खोलीत गारवा असतो, पण क्षितिज दिसत नाही आणि डिझेलचा वास कोंडतो. वर फ्लायब्रिजवर, नजर दूरच्या डोंगरावर ठेवून बसल्यावर त्यांना तासाभरात बरे वाटले. लांब बाह्यांचा सुती सदरा, दोरी असलेली टोपी आणि पाण्यातली चमक तोडणारा पोलराइज्ड गॉगल सोबत असावा. काळ्या तळव्याचे बूट नौकेवर चालत नाहीत, कारण पांढऱ्या फळ्यांवर डाग पडतात. आणखी एक म्हणजे केळी नेऊ नयेत. प्रवासाला निघताना पिशवीत केळी टाकणे ही आपली सवय, पण जगभरचे गळाचे मासेमार नौकेवर केळे अशुभ मानतात. त्या श्रद्धेचा मान राखायला आपले काहीच जात नाही.

दुसऱ्या दिवशी खलाशांपैकी धाकट्याशी ओळख झाली. मी मेहुण्यांशी मराठीत बोलत होतो, ते ऐकून तो थबकला आणि अडखळत म्हणाला, ‘आजी बोलायची असं. मला थोडं येतं.’ १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून जे लोक या बेटावर आले त्यांत मुंबई बंदरातून निघालेले कोकणातले आणि देशावरचे लोकही होते, आणि आज त्यांच्या वंशजांची वस्ती ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात ठिकठिकाणी आहे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. घरी क्रेओल ही बेटावरची भाषा बोलणाऱ्या त्या मुलाने आपल्या गावात गणपतीत होणाऱ्या झाकरीचे ठेके फायटिंग चेअरच्या हातावर वाजवून दाखवले, आणि त्यात मला आमच्याकडची जाखडी जशीच्या तशी ऐकू आली. त्यानंतर तो मेहुण्यांना ‘काका’ म्हणू लागला.

आमिषे लावण्याचे कामही त्याचेच होते. यॉट आठ नॉट्सच्या वेगाने चालत असताना मागे पाच दोऱ्या सोडल्या जातात. त्यांपैकी दोन जवळ, दोन आउटरिगरवरून, म्हणजे दोन्ही बाजूंना पसरलेल्या लांब काठ्यांवरून, आणि एक सर्वांत दूर असते. रंगीत झालरीची खोटी आमिषे नौकेने उठवलेल्या लाटांच्या उतारावर अशी धावतात की प्रत्येक आमिष काही क्षण पाण्यावर येऊन हवा घेते आणि मागे धुरासारखी बुडबुड्यांची शेपटी सोडत पुन्हा बुडते. त्या मुलाचे डोळे तासन् तास त्या शेपट्यांवर होते. एखादीचा धूर तुटला की तो दोरी ओढून घेई, आमिषाला अडकलेले शेवाळाचे तेवढेच पान काढी आणि पुन्हा मोजून तितकीच दोरी सोडी. यॉटवर गाद्या किती मऊ आहेत त्यापेक्षा अशा एका माणसाची नजर कशी आहे, यावर सफरीचे यश अधिक अवलंबून असते. म्हणून नोंदणी करताना खलाशी किती वर्षे त्याच नौकेवर आहेत, हे अवश्य विचारावे.

पावणेदहाला उजव्या आउटरिगरची चिमटी सुटली आणि रीळ ओरडू लागले. तो आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मागे शंभरएक मीटरवर पाणी फुटले आणि मार्लिन अर्धा बाहेर येऊन डोके झटकू लागला. पहिल्या मिनिटाला कोणी काय करायचे हे आधी ठरलेले असावे लागते: एकाने काठी धरायची, बाकीच्यांनी उरलेल्या चार दोऱ्या भराभर गुंडाळायच्या, आणि पाहुण्यांपैकी कोणीही दोरी किंवा लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड धागा, हातात धरायचा नाही. लीडरचा वेढा बोटाला पडला तर बोट जाऊ शकते. मेहुणे चेअरवर बसले, कमरेचा पट्टा आवळला गेला आणि कप्तान यॉट उलट्या दिशेने माशाकडे नेऊ लागला. हाताने ओढायचे नसते, हे त्यांना आदल्या दिवशी कोरड्या जागी बसवून शिकवले होते. पायांनी रेटा देऊन मागे झुकायचे आणि पुढे येताना रीळ फिरवायचे. ड्रॅगची, म्हणजे रिळाच्या ब्रेकची, कळ कप्तानाच्या सांगण्याशिवाय हलवायची नाही. ज्यांना आंतरराष्ट्रीय विक्रमाची आस आहे त्यांनी हेही जाणून असावे की विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आयजीएफए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार झुंजीच्या दरम्यान काठीला दुसऱ्याचा हात लागला की नोंद बाद होते. याच ब्लॅक रिव्हरसमोर १९८८ मध्ये ५०५ किलोंचा माको शार्क काठीवर आला होता, त्यामुळे इथले कप्तान हे नियम काटेकोरपणे पाळतात.

मासा दोनदा नौकेजवळ आला आणि दोन्ही वेळा सरळ खाली गेला. तिसऱ्या वेळी, एक तास वीस मिनिटांनी, धाकट्याने जाड हातमोज्यात लीडर धरला. पाण्याखाली आधी जांभळी सावली दिसली, मग रुंद खांदे आणि मग बशीएवढा, पाणीदार डोळा. कप्तानाने तिचे वजन दोनशे किलोंच्या वर सांगितले. ‘तिचे’ म्हणण्याचे कारण असे की निळ्या मार्लिनचे नर क्वचितच दीडशे किलोंच्या पुढे जातात आणि एवढी मोठी मासोळी मादीच असते. तिला पाण्याबाहेर काढले नाही. छायाचित्रासाठी मोठा मासा उचलला तर त्याचे आतले अवयव स्वतःच्या वजनाने दुखावतात, म्हणून चित्रे वरून, ती पाण्यात असतानाच घ्यावीत. त्यासाठी एकाने आधीच फ्लायब्रिजवर उभे राहावे.

गळ जबड्याच्या कोपऱ्यातून निघाला. धाकट्याने दोन्ही हातांनी तिची चोच धरली आणि यॉट अगदी सावकाश पुढे चालू लागली, म्हणजे तिच्या कल्ल्यांतून पाणी वाहत राहावे. पहिली तीन-चार मिनिटे ती लाकडासारखी बाजूला पडून होती. मेहुणे पट्टा सोडून कठड्याशी गुडघे टेकून बसले होते आणि त्यांचे हात थरथरत होते. मग तिच्या अंगावर खांद्यापासून शेपटीपर्यंत निळा रंग एकदम पेटला, शेपूट एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे गेले, आणि धाकटा म्हणाला, ‘काका, जाते आता.’ त्याने हात उघडले. पडद्यावर खोली ६२० मीटर होती. कप्तानाने नोंदवहीत वेळ लिहिली, अकरा वाजून बारा मिनिटे, आणि भाच्याने वडिलांसमोर पाण्याची बाटली धरली.